डॉ. कमला सोहोनी : जीवरसायनशास्त्रातील एक तेजस्वी नाव

दुर्गाबाई भागवतांचे नाव आपणा मराठीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. त्यांच्या धाकट्या भगिनी डॉ. कमला सोहोनी यांनी विज्ञानात केवढे कार्य केले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. मी कला शाखेची विद्यार्थिनी. तरीही हे चरित्र आपल्यापुढे मांडावेसे वाटले.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. १९३३ साली बी.एस्सी. होऊन कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून तो नाकारला. नोबेल पारितोषिकाचा मानकरी नाही म्हणतो, तेव्हा बावीस वर्षांच्या मुलीने काय करावे? कमलाबाईंनी बंगलोर गाठून सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. हा अपमान गिळून त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर संशोधन केले. १९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या. रामन यांचे मत बदलले व संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवून दिले की, पेशींच्या श्वसनाला लागणारे सायटोक्रोम-सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशीपेशीत असते. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली, प्रबंध अवघा ४० पानांचा! हेच प्रथिन प्राण्यांतही असते. माणूस व चिंपांझी यांच्यात तर त्यातील १०४ अमिनो आम्लांचा क्रम तंतोतंत एकच आहे. बटाट्याचे रोप आणि आपण यांचे पूर्वज कधीकाळी एकच होते, याचा हा पुरावा. त्याहीपूर्वी जीवनाचा आरंभ प्रथिनांपासून झाला की आर.एन.ए.पासून, हा वाद आहे. आर.एन.ए. स्वतःच रासायनिक क्रिया घडवू शकतो, हे १९८२ साली थॉमस चेक यांनी दाखविल्यापासून दुसऱ्या पक्षाला बळ आले.

मायदेशी परतल्यावर दिल्ली, कुन्नूर व विवाहानंतर १९४७ पासून मुंबई येथे त्यांनी काम केले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. ताडाचा हा न आंबलेला रस आदिवासी भागातील कुपोषित मुलांना व गरोदर स्त्रियांना उपकारक ठरतो, असे त्यांना आढळले. आम्हा गोंडपिपरीकरांना याचे महत्त्व सांगायला नको. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

वाचकहो, एक गोष्ट मात्र माझ्या मनाला पटत नाही. एका मुलीच्या हुशारीवर पुढच्या सगळ्या मुलींचा प्रवेश का अवलंबून असावा? ती साधारण बुद्धीची असती तर? कमलाबाईंच्या पाठीशी शिकलेले घर होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. तिला विज्ञान शाखा हवी आहे आणि घरून अजून होकार नाही. हा अंक हाती आला की हे पान मी बाबांना वाचून दाखविणार आहे.