फ्रामजी कावसजी बनाजी

आगगाडीने ठाण्याकडे जाताना घाटकोपर मागे पडले की विक्रोळी लागते. खाडीच्या बाजूस तेथे दूरवर तिवरांचे रान पसरलेले आहे. ही भूमी एके काळी ज्या व्यापाऱ्याची होती, त्याचे चरित्र आमच्या खेड्यांतील वाचकांस बोधप्रद होईल असे आम्हांस वाटते.

फ्रामजींचा जन्म इ. स. १७६७ साली पारशी कुळात झाला. त्यांचे पूर्वज बनाजी लिमजी हे सतराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईस आले होते. पुढे या घराण्याची जहाजे चीन देशापर्यंत जाऊ लागली आणि घरात अपार संपत्ती आली. पण त्या जहाजांत कापसाबरोबर अफूही भरली जात असे, ही गोष्ट लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्या विषाने चीनमधील किती घरे धुळीस मिळाली! इ. स. १८३९ साली कँटन येथे चिनी अंमलदाराने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली, आणि त्यातूनच युद्ध पेटले.

तथापि फ्रामजींनी आपले धन केवळ पेढीत कोंडून ठेविले नाही. पवईची जहागीर त्यांनी कंपनी सरकारकडून घेतली, आणि इ. स. १८३० नंतरच्या दशकात विक्रोळीही त्यांच्याकडे आली. पवईस त्यांनी विहिरी खोदल्या, रस्ते केले, घरे बांधिली. ऊस, नीळ व रेशमाच्या किड्यांसाठी तुती लाविली. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी इ. स. १८३० साली ते पाहून फार समाधान मानिले. इ. स. १८३८ साली फ्रामजींनी व्हिक्टोरिया राणीस येथील आंबे धाडिले. मुंबईतील धोबीतलावाच्या दुरुस्तीसही त्यांनी साहाय्य केले, म्हणून त्या तलावास त्यांचे नाव मिळाले. इ. स. १८३४ साली जस्टिस ऑफ दि पीस नेमलेल्या पहिल्या एतद्देशीयांत ते होते. इ. स. १८५१ साली ते निवर्तले.

आज धोबीतलाव बुजून गेला आहे. विक्रोळीची जमीन इ. स. १९४३ साली पिरोजशा गोदरेज यांनी विकत घेतली व पुढे तेथे कारखाने उभे राहिले. जहाजेही गेली, तो व्यापारही गेला. वाचकहो, धन कोणत्या मार्गाने आले हा प्रश्न दानधर्माने पुसला जात नाही, हे आपण विसरू नये. परंतु ज्या माळावर पाणी नाही तेथे विहीर खोदणारा मनुष्य तहानलेल्याच्या उपयोगी पडतो, हेही तितकेच खरे. आपल्या हाती थोडेच असले तरी ते निर्मळ मार्गाने मिळवून अशाच कामी लाविता येईल.