आधी स्वभाव, मग स्मृती

उतारवयातील माणसाच्या वागण्याला आपल्याकडे एक तयार स्पष्टीकरण असते, साठी बुद्धी नाठी. पलूस, कुंडल, भिलवडीच्या द्राक्षपट्ट्यात चाळीस वर्षे ज्याने ऑक्टोबर छाटणीची वेळ कधी चुकू दिली नाही, असा एखादा बागायतदार एकाएकी बागेकडे फिरकेनासा होतो. कारण नसताना चिडतो, बायकोवर संशय घेऊ लागतो. घरचे म्हणतात, म्हातारचळ लागला. त्याला सारे काही आठवत असते, त्यामुळे डॉक्टरांकडे जाण्याचा विषय निघत नाही. मात्र जगभर विस्मृतीचा विकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजाराची पहिली नोंदही अशाच एका संशयापासून सुरू झाली होती. ती नोंद करणारे डॉक्टर म्हणजे अलॉइस अल्झायमर.

अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातील मार्कटब्राइट या गावी झाला. १८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. दिवसा रुग्णांची विचारपूस आणि उरलेल्या वेळी सूक्ष्मदर्शक, हा त्यांचा क्रम. १९०१ च्या प्रारंभी पत्नी सेसिली यांचे निधन झाले आणि तीन लहान मुले मागे राहिली. त्यानंतर त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री रुग्णालयात दाखल झाली. तिचा पती रेल्वेत कारकून होता. संसारात दक्ष असलेली ही गृहिणी प्रथम पतीविषयी मत्सराने पछाडली गेली. विस्मरण त्यानंतरचे. पुढे स्वयंपाक बिघडू लागला, वस्तू लपवल्या जाऊ लागल्या, स्वतःच्याच घरात तिला वाट सापडेना. अल्झायमर यांनी तिला रोज साधे प्रश्न विचारले आणि उत्तरे जशीच्या तशी उतरवून घेतली. पतीने सांगितलेला मत्सर त्यांनी घरगुती कटकट म्हणून सोडून दिला नाही, हे त्यांच्या चिकित्सक वृत्तीचे खरे मोठेपण.

पुढे ते म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले, पण या रुग्णेचा त्यांना विसर पडला नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू तपासणीसाठी मागवून घेतला. पेशींच्या बाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत तंतूंचा झालेला गुंता त्यांना दिसला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेन येथील परिषदेत त्यांनी हे मांडले, तेव्हा सभेत त्यावर चर्चासुद्धा झाली नाही! १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

मत्सराच्या त्या नोंदीचे महत्त्व वैद्यकाला फार उशिरा कळले. पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेला आणि किमान सहा महिने टिकलेला स्वभावातील बदल हा स्मृतिभ्रंशाच्या धोक्याचा इशारा असू शकतो, असे निकष तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये मांडले. निरुत्साह, उदासी, अकारण संताप, संशय हे सारे त्यात येते. अर्थात अशा प्रत्येकाला स्मृतिभ्रंश होतोच असे नाही. नैराश्य, थायरॉईडचा दोष किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही माणूस असाच बदलतो आणि त्यांवर उपचार आहेत. म्हातारचळ म्हणून सोडून दिलेल्या माणसाला मात्र ते मिळत नाहीत. दुखणे बरे होण्याजोगे असूनही तो तसाच कुढत राहतो.

अल्झायमर १९१२ मध्ये ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापक झाले. तिकडे जाताना प्रवासातच ते आजारी पडले आणि पुन्हा पूर्ण सावरले नाहीत. १९ डिसेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ५१ होते, ऑगस्टे रुग्णालयात आली त्या वेळच्या तिच्या वयाइतकेच. फ्रँकफर्टमध्ये पत्नीशेजारी त्यांचे दफन झाले. ऑगस्टेच्या नोंदींची फाइल पुढे कित्येक दशके बेपत्ता होती. १९९५ मध्ये ती फ्रँकफर्टमध्येच सापडली, अल्झायमर यांच्या हस्ताक्षरातील प्रश्नोत्तरांसह.