शुद्धतेने दिलेला दगा

१८८६ सालच्या उन्हाळ्यात पॅरिसमधील एका प्रयोगशाळेत फ्रान्सच्या विज्ञान अकादमीची समिती येऊन बसली होती. बर्थेलो, दब्रे आणि फ्रेमी या तीन मातब्बर रसायनशास्त्रज्ञांसमोर आंरी म्वासाँ यांना आपला शोध सिद्ध करून दाखवायचा होता. पाऊणशे वर्षे साऱ्या युरोपला हुलकावणी देणारा फ्लोरिन वायू त्यांनी २६ जून रोजी मोकळा केला होता. समितीसाठी त्यांनी हायड्रोजन फ्लोराइड विशेष काळजीने शुद्ध केले, उपकरण सज्ज केले आणि विद्युतप्रवाह सुरू केला. फ्लोरिनचा मागमूसही दिसला नाही.

ही नामुष्की ज्यांच्या वाट्याला आली, ते म्वासाँ काही घरंदाज विद्वानांच्या कुळातले नव्हते. २८ सप्टेंबर १८५२ रोजी पॅरिसमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील रेल्वे कंपनीत नोकरीला होते, तर आई शिवणकाम करीत असे. शालान्त पदवी न घेताच शाळा सुटली आणि त्यांनी पॅरिसमधील एका औषधाच्या दुकानात उमेदवारी पत्करली. पुढे फ्रेमी यांच्या प्रयोगशाळेत त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली. मागे राहिलेल्या परीक्षा त्यांनी एकामागून एक दिल्या आणि १८८० मध्ये डॉक्टरेट मिळवली. १८८२ मध्ये लिओनी ल्युगाँ यांच्याशी विवाह झाल्यानंतर सासऱ्यांच्या आर्थिक पाठबळामुळे त्यांना संशोधनात पूर्णपणे झोकून देता आले.

फ्लोरिनचा पाठलाग हा जिवावरचा खेळ होता. बेल्जियमचे लुएत आणि फ्रान्सचे निक्लेस हे दोघे संशोधक त्याच्या विषारी संयुगांना बळी पडले होते. म्वासाँ यांनी प्लॅटिनमची इंग्रजी ‘यू’ आकाराची नळी, प्लॅटिनम-इरिडियमचे विद्युतअग्र आणि फ्लोरस्पार खनिजाची बुचे वापरून, शून्याखाली सुमारे ५० अंशांपर्यंत थंडावा ठेवून हा वायू मिळवला होता. मग समितीसमोर अपयश का यावे? त्याचे उत्तर त्यांना लवकरच सापडले. निर्जल हायड्रोजन फ्लोराइड अगदी शुद्ध असेल तर त्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. आधीच्या प्रयोगातील द्रवात पोटॅशियम फ्लोराइडचा अंश होता आणि विजेची वाट त्यानेच मोकळी केली होती. अतिदक्षतेने केलेल्या शुद्धीकरणात तो अंशच निघून गेला होता. तो पुन्हा मिसळताच फ्लोरिन प्रकटला आणि समितीची खात्री पटली.

किंचित भेसळ कधी तारते आणि कधी मारते, हा प्रश्न त्यांच्या पुढील कार्यातही डोकावत राहिला. त्याच १८९२ साली त्यांनी दोन गोष्टी साधल्या. पूर्वीचे रसायनशास्त्रज्ञ ज्याला बोरॉन म्हणत होते तो पदार्थ बराच अशुद्ध असल्याचे त्यांनी दाखवले आणि अधिक शुद्ध बोरॉन तयार केले. वर्षअखेरीस त्यांनी विजेची भट्टी जगासमोर ठेवली. चुन्याचे दोन ठोकळे आणि त्यांमध्ये कार्बनच्या दोन कांड्या, एवढाच तिचा साधा घाट होता. पण त्या कांड्यांमधील विद्युतज्योत सुमारे ३,५०० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता देत असे. या भट्टीतून कार्बाइड, बोराइड आणि सिलिसाइड या वर्गांतील अनेक संयुगे बाहेर पडली. तिच्यात मिळालेल्या धातूंत मात्र कार्बन शिरत असे आणि तो काढण्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागत.

अपयशही आले. वितळलेल्या लोखंडात कार्बन विरघळवून कृत्रिम हिरा बनवल्याचा त्यांचा १८९३ मधील दावा पुढे टिकला नाही. त्याच वर्षी ॲरिझोनातील उल्कापाषाणात सापडलेले स्फटिकही त्यांना आधी हिरेच वाटले होते. १९०४ मध्ये ते सिलिकॉन कार्बाइड असल्याचे त्यांनीच ओळखले. त्या खनिजाला पुढे मॉइसनाइट हे नाव मिळाले.

१९०६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. हा मान मिळवणारे ते पहिले फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. मात्र स्टॉकहोमहून परतल्यावर अल्पावधीतच, २० फेब्रुवारी १९०७ रोजी, ॲपेंडिक्सच्या तीव्र विकाराने वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. एकुलता एक मुलगा लुई १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात कामी आला.

त्यांच्या भट्टीतील संयुगांच्या घराण्याला आज नवे महत्त्व आले आहे. ध्वनीच्या पाचपटींहून अधिक वेगाने जाणाऱ्या यानांची टोके आणि कडा यांसाठी झिर्कोनियम व हाफ्नियम यांच्या बोराइड-कार्बाइडांचा विचार होतो. यांचे वितळणबिंदू ३,००० अंशांच्या पुढे असल्याने ती ओतता येत नाहीत. त्यांची भुकटी दाबून, न वितळवता, तापवून एकजीव करावी लागते. यालाच सिंटरिंग म्हणतात. येथे कणांवरील ऑक्साइडचा पातळ थर आडवा येतो. त्याच्यामुळे कण नुसतेच फुगतात, मधली छिद्रे मात्र बुजत नाहीत. थोडे बोरॉन कार्बाइड किंवा कार्बन मिसळल्यास हा ऑक्साइड निघून जातो. सिलिकॉन कार्बाइड घातल्यास कणांची वाढ आवरते आणि हवेत तापल्यावर पृष्ठभागी संरक्षक काचेचा थर धरतो. तेच मिश्रक चुकीचे निवडले आणि कणांच्या सीमांवर लवकर वितळणारा अंश मागे राहिला, तर ऐन उष्णतेत वस्तू कमकुवत होते.

अपायकारक अशुद्धी कोणती आणि उपकारक कोणती, हे पारखण्यातच या शास्त्राचे मर्म आहे. तो धडा म्वासाँ १८८६ मध्ये तीन परीक्षकांसमोर शिकले होते. आज बोराइडला बळ देणाऱ्या सिलिकॉन कार्बाइडचे नैसर्गिक रूप त्यांचेच नाव मिरवते.