टिळकांच्या मागे नव्हे, स्वतःच्या वाटेने

आपल्यापैकी कितीतरी जणी नवऱ्याच्या नोकरीमुळे कतारला आलो. व्हिसा नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर, घर कंपनीचं, आणि कुठल्याही समारंभात ओळख करून द्यायची ती अमक्यांची मिसेस म्हणून. तिकडे बँकेत, शाळेत, दवाखान्यात चांगलं काम करणाऱ्या बायका इथे आल्यावर वर्षभरात गप्प गप्प होतात, हे मी जवळून पाहिलं आहे. मीही त्यातून गेले. त्या दिवसांत मुंबईहून आणलेल्या पुस्तकांच्या पेटीत 'स्मृतिचित्रे' होतं. शाळेत त्यातला एखादा धडा होता, तेवढीच ओळख. दोह्याला आल्यावर मात्र सलग वाचलं आणि लक्ष्मीबाई टिळक जणू शेजारी राहायला आल्या!

लक्ष्मीबाई म्हणजे माहेरच्या मनकर्णिका गोखले. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, अगदी मीठसुद्धा! वस्तू शुद्ध की अशुद्ध, माणूस वरचा की खालचा, हे मोजणं त्यांच्या अंगात असं लहानपणापासून मुरलं. त्या मोजमापात मुलीच्या जातीला फारशी किंमत नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. हे पुढे रेव्हरंड टिळक म्हणून प्रसिद्ध झालेले कवी. माणूस बुद्धिमान, प्रेमळ आणि तितकाच तापट. हातात पैसा आला की कुणाला तरी देऊन मोकळे! कधी न सांगता घरातून निघून जायचे, कधी एकदम बिऱ्हाड हलवायचे. लक्ष्मीबाईंना धड लिहा-वाचायला येत नव्हतं. टिळकांनीच त्यांना शिकवलं. पण संसाराची सगळी ओढाताण बाईंच्या वाट्याला.

१८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांना बायबलचा नवा करार दिला. दोन वर्षं विचार चालला होता. अखेर १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बायको तेव्हा नाशिककडे, पदरात चार वर्षांचा दत्तू. ही बातमी त्यांच्यावर किती कोसळली असेल, याची आज कल्पनाही करवत नाही. नवरा जिवंत, पण धर्माने तुटलेला. ना सौभाग्य, ना वैधव्य! नातेवाईक सांभाळत होते, पण लोकांच्या नजरा होत्याच.

इथे मला त्या पहिल्यांदा मोठ्या वाटल्या. नवरा गेला म्हणून त्याच्या मागे धर्मांतर केलं नाही आणि लोक म्हणतात म्हणून त्याला मनातून काढूनही टाकलं नाही. काही वर्षं बहिणीच्या आधाराने नाशिक-पंढरपूरकडे काढली. मग मुलाला घेऊन त्या अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) टिळकांकडे गेल्या, पण आपल्या अटींवर. चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं कायम. टिळकांनीही घाई केली नाही, हे त्यांचं मोठेपण.

मग मिशनच्या वस्तीत, निरनिराळ्या जातींच्या लोकांमध्ये राहताना त्यांच्या मनात घालमेल सुरू झाली. कोणाच्या हातचं पाणी चालतं, कोणाच्या नाही, हे देवाने ठरवलं की माणसाने? त्यावर त्या स्वतःच विचार करत राहिल्या आणि जात माणसाने केलेली आहे, या निष्कर्षाला आल्या. त्यानंतर कुणाच्याही हातचं खायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःला पटल्यावर!

मंडळी, मला यात खरी गोम दिसते. आपण समजतो की आत्मविश्वास म्हणजे मी कुणापेक्षा तरी वरचढ आहे असं वाटणं. लक्ष्मीबाईंचं उलटं झालं. मी वरची, ही समजूत त्यांनी आधी सोडली. सगळी एकाच देवाची लेकरं असतील तर कोणी खालचं नाही, आणि मग मीही कोणाच्या खालची नाही! सोवळ्याचं ओझं उतरलं तसं बाई म्हणून मनावर असलेलं ओझंही हलकं झालं. नवऱ्याचा धाक, भाषेची लाज, लोक काय म्हणतील ही भीती, सगळं हळूहळू सुटत गेलं. ख्रिस्ती श्रद्धेने त्यांना दिलं ते हे.

आणि ते नुसतं मनात राहिलं नाही. दुष्काळातली अनाथ पोरं त्यांच्या घरात आली, त्यांचं त्यांनी सगळं केलं. प्लेगच्या साथीत, जिथे सख्खे नातेवाईक पळून जात, तिथे त्यांनी आजारी मुलींची शुश्रूषा केली. एकेकाळी मीठ धुवून घेणाऱ्या घरातली ही मुलगी!

९ मे १९१९ ला टिळक गेले. लक्ष्मीबाईंनी मुलींच्या वसतिगृहात काम केलं, पुढे मुलाच्या नोकरीमुळे कराचीला जाऊन राहिल्या. म्हणजे परमुलुखात, दुसऱ्याच्या नोकरीमागे जाऊन राहणं त्यांनाही चुकलं नाही. आपल्यासारखंच! फरक इतकाच की तिथे जाईपर्यंत त्या कुणाच्या मिसेस किंवा कुणाची आई एवढ्याच राहिल्या नव्हत्या.

टिळकांचं चरित्र लिहायचं म्हणून दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, आईला आठवणी लिहायला लावलं. त्यातून 'स्मृतिचित्रे' झालं. त्याचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने बोलल्यासारखं मराठी लिहिलं आणि ते मराठीतलं एक श्रेष्ठ आत्मचरित्र ठरलं. नवऱ्याचा राग लपवला नाही, त्याचं प्रेमही लपवलं नाही, आणि स्वतःवर तर पोटभर हसल्या. स्वतःची किंमत कळलेलं माणूसच असं हसू शकतं. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही त्यांनी पुढे नेलं. त्यातले साठाहून अधिक अध्याय त्यांचे आहेत. २४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकला त्या गेल्या.

पुढे विजया मेहता यांनी दूरचित्रवाणीसाठी 'स्मृतिचित्रे' केलं आणि २०१७ मध्ये शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद आला. मराठी वाचायला कंटाळणाऱ्या आपल्या मुलांना तो द्यायला हरकत नाही!

दोह्यात मेसाइमीरला २००८ पासून चर्च आहे. आपल्या वसईची, नगरची मराठी माणसं तिथे प्रार्थनेला जातात, आणि आपल्याबरोबर दिवाळीचा फराळही खातात. लक्ष्मीबाई माझ्या धर्माच्या नव्हेत, पण त्यांनी मला एक गोष्ट शिकवली: श्रद्धा कोणतीही असो, ती आपल्या पायांनी चालत जाऊन मिळवली तरच ती पाठीचा कणा होते. कुणाच्या मागे फरफटत गेलं, तर ते आणखी एक ओझं.

यंदा मैत्रिणींना भेट काय द्यावी असा प्रश्न पडला असेल, तर सुकामेव्याच्या डब्याबरोबर हे पुस्तकही द्या. आणि ओळख करून देताना आधी तिचं नाव सांगा, मग नवऱ्याचं!

सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.