पंधरवड्यात दहा विजय : वैमानिक इंद्रलाल रॉय

पहिल्या महायुद्धात पाच किंवा अधिक शत्रू-विमाने पाडणाऱ्या वैमानिकास ‘एस’ म्हणण्याचा प्रघात फ्रान्समध्ये पडला. त्या महायुद्धात हा मान मिळवणारे एकमेव भारतीय म्हणजे इंद्रलाल रॉय.

त्यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कोलकाता येथे झाला. वडील प्यारेलाल रॉय हे बॅरिस्टर होते. इंद्रलाल यांचे शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत झाले. त्या काळी भारतीयांना ब्रिटिश सैन्यात अधिकारपद सहसा मिळत नसे. तरीही १९१७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले.

प्रारंभ मात्र अपयशाचा होता. ऑक्टोबर १९१७ मध्ये त्यांची नेमणूक ५६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये झाली आणि ६ डिसेंबर रोजी त्यांचे एस. ई. ५-ए विमान कोसळले. मृत समजून त्यांना शवागारात ठेवण्यात आले आणि शुद्धीवर आल्यावर त्यांनी आतून दार ठोठावले, असे सांगितले जाते. घटनेचा हा तपशील आख्यायिकेकडे झुकणारा असला, तरी अपघातानंतर ते उड्डाणास अपात्र ठरले, हे निश्चित. त्या सक्तीच्या विश्रांतीत ते विमानांची रेखाचित्रे काढत. पुन्हा उड्डाण करू देण्याचा आग्रह मात्र त्यांनी सोडला नाही.

अखेर जून १९१८ मध्ये ते ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये, कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉय या निष्णात वैमानिकाच्या तुकडीत रुजू झाले. ६ ते १९ जुलै या काळात त्यांच्या नावावर दहा विजय नोंदले गेले. त्यांतील तीन एकट्या ८ जुलै या दिवसाचे आहेत. काही विजय सहकाऱ्यांसमवेतचे असून, ताबा सुटून खाली गेलेली विमानेही या गणनेत धरली आहेत. तत्कालीन ब्रिटिश पद्धत तशीच होती.

२२ जुलै १९१८ रोजी उत्तर फ्रान्समधील कार्व्हँ गावावर जर्मन फोकर विमानांशी झालेल्या चकमकीत ते मारले गेले. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना त्या वेळी पॅराशूट दिले जात नसे. इंद्रलाल यांचे वय अवघे १९ वर्षांचे होते. त्याच जुलैच्या ३१ तारखेस मॅकेलरॉय यांनाही वीरमरण आले. त्याआधी जूनमध्ये मुंबईचे वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर याच आघाडीवर कामी आले होते.

सप्टेंबर १९१८ मध्ये इंद्रलाल यांना मरणोत्तर ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ जाहीर झाला. त्यांची समाधी फ्रान्समधील एस्तवेल येथे आहे. त्यांचे भाचे सुब्रतो मुखर्जी १९५४ मध्ये भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.