आगरकर व्हाया अकोला

गोपाळ गणेश आगरकर म्हटलं की डोळ्यांसमोर पुणं येतं. केसरी, सुधारक, फर्ग्युसन कॉलेज आणि टिळकांशी झालेले मतभेद. एवढं लिहिलं की परीक्षेत मार्कही मिळतात. पण आगरकर मॅट्रिक झाले ते पुण्यात नाही, तर आपल्या वऱ्हाडात, अकोल्याच्या हायस्कुलातून. साल होतं १८७५. मंगरूळपीर स्टँडवरून सकाळची अकोल्याची एसटी पकडणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, कारण शिकण्यासाठी गाव सोडणं, पैशांची जुळवाजुळव आणि शिष्यवृत्तीची वाट बघणं, हे सगळं त्यांनीही केलंय.

तीन गावं, तीन प्रयत्न

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६चा. गाव टेंभू, कराडजवळचं. घरची परिस्थिती बेताचीच. म्हणून मुलगा शिकायला कराडला आजोळी राहिला. तिथे थोडं इंग्रजी शिकून झालं आणि पुढची वाट बंद झाली. पुढचे वर्गच नव्हते. मग मामलेदार कचेरीत उमेदवारी केली. शिकायची ओढ काही सुटेना, म्हणून घाट उतरून पायी रत्नागिरी गाठली. तिथे जेवणाची आणि राहण्याची नीट सोय लागली नाही, परत यावं लागलं. कराडला येऊन दवाखान्यात कंपाउंडरचं काम धरलं. आजच्या भाषेत सांगायचं तर एक ड्रॉप, एक मायग्रेशन आणि दोन नोकऱ्या, आणि हे सगळं मॅट्रिकच्या आधी.

तिसरा प्रयत्न अकोल्याचा. तिथे आजोळकडचे नातेवाईक होते, त्यामुळे डोक्यावर छप्पर मिळालं. पण कराडच्या मुलाने एवढ्या लांब अकोल्यालाच का यावं?

तेव्हाचं वऱ्हाड

१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला होता. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे पोचली आणि अकोला त्या लाइनवर आलं. कापसाचा व्यापार वाढला, कचेऱ्या आल्या, कारकून लागले, त्यांच्यासाठी शाळा लागल्या. मंगरूळ तेव्हा बाशीम जिल्ह्यात होतं, म्हणजे आजच्या वाशीममध्ये. अख्ख्या वऱ्हाडात मॅट्रिकपर्यंत शिकवणारी सरकारी हायस्कुलं म्हणजे अकोला आणि अमरावती. कॉलेज तर एकही नव्हतं. अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज सुरू झालं ते थेट १९२३ मध्ये. म्हणजे १८७५ मध्ये वऱ्हाडातून मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायचं तर पुणं किंवा मुंबई गाठण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आणि मॅट्रिक म्हणजे नुसती शाळा संपल्याची परीक्षा नव्हती. ती मुंबई विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. विद्यापीठ स्थापन झालं १८५७ मध्ये, पहिली प्रवेश परीक्षा झाली १८५९ मध्ये. तेव्हा शंभराहून जास्त मुलं बसली आणि विशीच्या आसपास पास झाली. इंग्रजी आणि आणखी एक भाषा, गणित, इतिहास-भूगोल आणि थोडं विज्ञान असा अभ्यास असायचा. उत्तरं लिहायची इंग्रजीत. टेंभू-कराडच्या मुलाला त्या भाषेत प्रमेय सिद्ध करायचं होतं. आज नीट-जेईईला जी धाकधूक असते, तीच तेव्हा मॅट्रिकला असणार.

महाजनी मास्तर

अकोल्याच्या शाळेत विष्णु मोरेश्वर महाजनी शिकवायला होते. हे पुढे कवी आणि नाटककार म्हणून गाजले, शेक्सपियरची नाटकं त्यांनी मराठीत आणली, १९०७च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांनी या मुलाची कुवत ओळखली आणि त्याला धीर दिला. आगरकरांनी याच काळात ‘वऱ्हाड समाचार’साठी लिहून थोडे पैसेही मिळवले. म्हणजे मराठी पत्रकारितेतलं एवढं मोठं नाव सुरुवातीला अकोल्याच्या पेपरात लिहीत होतं, आणि तेही शिकायचा खर्च निघावा म्हणून.

मॅट्रिक झाली, पण पुढे काय? शिष्यवृत्त्या तेव्हाही होत्या. नाना शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती तर आजही आपण ऐकतो. पेशव्यांच्या काळी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची, त्या पैशाचं रूपांतर इंग्रजांनी कॉलेजातल्या फेलोशिपमध्ये केलं होतं. पण या सगळ्याची मेख एकच. आधी कॉलेजात पोचा, परीक्षेत वर या, मग पैसे. पोचण्यासाठी लागणारे पैसे कोण देणार, याचं उत्तर कुठल्याच नियमात नव्हतं. आगरकरांच्या बाबतीत ते उत्तर महाजनींसारख्या माणसांनी दिलं. त्यांच्या मदतीच्या बळावर आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले.

एक सदरा

कॉलेजात त्यांच्याकडे एकच सदरा होता, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. एकदा परीक्षेची फी भरायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी एखादं नाटक लिहून विकायचं ठरवलं, आणि हे कळल्यावर एका प्राध्यापकांनी मदत केली, असंही सांगतात. पक्कं ठाऊक आहे ते असं की शिष्यवृत्त्या, निबंध-वक्तृत्वाची बक्षिसं आणि लेखन यांवर त्यांनी शिक्षण पुरं केलं. आधी बी.ए. आणि मग १८८० मध्ये एम.ए. याच डेक्कन कॉलेजात त्यांची आणि टिळकांची ओळख झाली.

एम.ए. झालेल्या माणसाला तेव्हा सरकारात चांगली नोकरी मिळायची. घरचे तीच आशा लावून बसले होते. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवलं, की मोठ्या पगाराची वाट बघू नकोस, पोटापुरतं मिळवीन आणि बाकीचा वेळ लोकांच्या कामी लावीन. १८८१ मध्ये ते चिपळूणकर आणि टिळकांच्या न्यू इंग्लिश स्कुलात शिकवायला लागले. त्याच वर्षी केसरी सुरू झाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज, १८८८ मध्ये स्वतःचं ‘सुधारक’. बालविवाह, विधवांचं केशवपन, जातीभेद यांवर त्यांनी इतकं कडक लिहिलं, की पुण्यात विरोधकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९२ पासून ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. दम्याने आधीच पोखरलेलं शरीर १७ जून १८९५ रोजी थांबलं. चाळिशीही पूर्ण झाली नव्हती.

जे पोचलेच नाहीत, त्यांचं काय?

आगरकरांची गोष्ट इथे संपवली तर ती ‘जिद्द असेल तर सगळं होतं’ अशी होते. पण ते पूर्ण खरं नाही. आगरकर गरीब होते, पण ब्राह्मण होते. अकोल्यात राहायला नातेवाईकाचं घर होतं, शाळेचं दार उघडं होतं, ओळखणारा शिक्षक होता. त्याच काळात मंगरूळच्या शेतात निंदण करणाऱ्या घरातल्या मुलापाशी यातलं काय होतं? मुलीचा तर प्रश्नच नव्हता.

हे महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर स्पष्ट मांडलं. सरकारचा पैसा वरच्या शिक्षणावर जातो आणि त्याचा फायदा वरच्या जातींना होतो, खेड्यातल्या प्राथमिक शाळा उपाशी राहतात, असं त्यांचं म्हणणं होतं. शिष्यवृत्ती फक्त स्पर्धेवर दिली तर जिथे शिक्षण पोचलेलंच नाही त्या घरांना ती कधी मिळणारच नाही, हेही त्यांनी सांगितलं. आगरकरांनी पुढे मुलामुलींना एकत्र आणि एकसारखं शिक्षण द्या म्हणून लेखणी झिजवली. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण अडचण एकच दिसत होती.

त्यावरचा एक उपाय पुढे त्यांच्याच कराड तालुक्यात निघाला. १९१९ मध्ये काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, आणि कमवा आणि शिका. जे आगरकरांना एखाद्या मास्तरांच्या चांगुलपणामुळे मिळालं, ते नियमाने मिळावं अशी ती सोय होती.

आज मंगरूळपीरमध्येच कॉलेज आहे, अमरावतीला १९८३ पासून विद्यापीठ आहे. मेख मात्र पूर्ण सुटलेली नाही. अॅडमिशनची फी जूनमध्ये भरावी लागते आणि शिष्यवृत्ती खात्यात जमा होईपर्यंत कितीदा वर्ष संपत येतं. मधल्या महिन्यांत मेस, खोलीभाडं, एसटीचा पास चालवायचा कसा, हे ज्याचं त्याला ठाऊक. तुमच्या वर्गात कुणी या कारणाने दोन आठवडे दिसला नसेल, तर फोन करून विचारा. सरांच्या कानावर घाला. अकोल्यात १८७५ मध्ये कुणी विचारलं नसतं, तर एक हुशार कंपाउंडर कराडला परत गेला असता आणि आपल्याला त्याचं नावही कळलं नसतं.