चंद्राचा आकडा

कोजागिरीच्या रात्री गच्चीवर दूध आटत होते आणि मी चंद्राचे फोटो काढत होतो. तीनशे मिलिमीटरपर्यंत लांबणारी झूम लेन्स, भक्कम तिपाई, सगळा जामानिमा होता. वीसेक फोटो काढले. प्रत्येकात भिंतीवर चुन्याचा शिंतोडा उडावा तसा पांढराफेक ठिपका. डाग नाहीत, ससा तर नाहीच. भाच्याने डोकावून पाहिले आणि हा समोरच्या इमारतीचा दिवा का, असे निरागसपणे विचारले. तेव्हा मला अॅन्सेल अॅडम्सची आठवण झाली.

अॅडम्सचा जन्म १९०२ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. चार वर्षांचा असताना १९०६ च्या भूकंपानंतरच्या धक्क्यात तो पडला, नाक मोडले आणि ते जन्मभर वाकडेच राहिले. शाळेत तो रमला नाही. पियानोत मात्र रमला, इतका की वादक व्हायचे हेच त्याने ठरवून टाकले होते. पण १९१६ साली आईवडिलांबरोबर तो योसेमिटीच्या खोऱ्यात गेला, हातात त्यांनीच दिलेला ब्राउनी कॅमेरा होता आणि तिथले ग्रॅनाइटचे कडे त्याच्या मनात जे शिरले ते कायमचे. पियानो सुटायला पुढे बरीच वर्षे लागली. वादकाची रियाजाची शिस्त मात्र सुटली नाही. फ्रेड आर्चरबरोबर त्याने झोन सिस्टिम बसवली. गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत छटांच्या पायऱ्या पाडायच्या आणि दृश्यातला कोणता उजेड कोणत्या पायरीवर बसवायचा, हे खटका दाबण्याआधीच ठरवायचे.

या शिस्तीची परीक्षा १ नोव्हेंबर १९४१ रोजी झाली. न्यू मेक्सिकोत दिवसभर भटकून मनासारखे काही न मिळाल्याने तो सांता फेकडे परतत होता. गाडीत मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट. हर्नांडेझ नावाच्या खेड्यापाशी त्याने गाडी रस्त्याकडेला घातली. पूर्वेला पौर्णिमेच्या अलीकडचा चंद्र चढलेला, खाली बर्फाची शिखरे, ढगांचा पट्टा आणि अगदी पुढे चर्चजवळच्या दफनभूमीतले क्रूस मावळतीच्या उन्हात उजळलेले. आठ बाय दहा इंचांच्या फिल्मचा अवजड कॅमेरा घाईघाईने उभा राहिला, आणि प्रकाश मोजायचा मीटर काही सापडेना.

त्या क्षणी त्याला एक आकडा आठवला. चंद्राची तेजस्विता, दर चौरस फुटाला २५० कँडल. तो त्याने छटांच्या सातव्या पायरीवर बसवला, पिवळ्या फिल्टरचा हिशेब धरला आणि एफ/३२ वर एक सेकंद प्रकाश दिला. खबरदारी म्हणून दुसरी फिल्म घ्यायला गेला, तोवर क्रुसांवरचे ऊन गेले होते.

माझे गच्चीवर काय चुकले ते इथे कळते. चंद्र आपल्याला रात्रीचा वाटतो, पण तो भर उन्हात पडलेला दगड आहे. कॅमेऱ्याचा मीटर भोवतालचा काळोख पाहून घाबरतो आणि उजेड वाढवत नेतो. त्याचे न ऐकता फिल्मची गती १००, एफ/११ आणि सेकंदाचा शंभरावा भाग एवढे ठेवले की पुरे.

बाकी ती निगेटिव्ह काही सोपी नव्हती. चंद्र जमला, पण पुढची जमीन फिकी पडली. १९४८ मध्ये त्याने निगेटिव्हचा खालचा भाग रसायनाने गडद करून घेतला. हजारावर प्रिंट त्याने स्वतःच्या हाताने काढल्या, आणि वर्षागणिक आकाश काळे होत गेले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये वरच्या आभाळात पुसट ढग दिसतात, नंतर ते पार बुडाले. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे मैफल, असे तो मानत असे. आपल्याकडेही एकच बंदिश दर मैफलीत निराळी होतेच की. मला स्वतःला जुनी, ढगांची प्रिंट अधिक आवडते. जाणकार हसतील, हसोत.

लांब पल्ल्याची लेन्स त्याने १९६० मध्ये चंद्रावर रोखली. झूम नव्हे, २५० मिलिमीटरची एकाच मापाची, हॅसलब्लाड कॅमेऱ्यावर. हाफ डोमचा अर्धा सावलीतला कडा आणि बाजूला चंद्र. अशा लेन्समधून फिल्मवर चंद्र जेमतेम सव्वादोन मिलिमीटरचा उमटतो. तो आणखी मोठा करायची त्याला गरज वाटली नाही, शेजारी कडा होता.

१९८४ साली तो गेला. गंमत म्हणजे चंद्राचा आकडा पाठ असलेल्या या माणसाला तारखा आठवत नसत. हर्नांडेझच्या चित्राखाली त्याने निरनिराळी वर्षे घातली आहेत. अखेर चंद्राच्या जागेवरून डेनिस डी चिको यांनी गणित मांडले आणि दुपारचे चार वाजून एकोणपन्नास मिनिटे हा क्षण १९९१ साली, त्याच्या मागे, नक्की झाला.

चार एकोणपन्नास. म्हणजे ऊन असतानाच. दुसऱ्या रात्री मी आकडे लावून फोटो काढला तेव्हा ससा दिसला, पण गच्ची, भाचा, पलीकडचा नारळ सगळे काळोखात बुडाले. चंद्र आणि जमीन एका फोटोत हवी असतील तर पौर्णिमेच्या आधी, सूर्य मावळण्यापूर्वीच उभे राहायला हवे. पुढच्या वर्षी कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी मी गच्चीवर असेन. दूध तेव्हा आणलेलेसुद्धा नसेल.